देवळालीचा ताप

आमच्या ऑफिसात दुपारी दीडला सकाळ होते. म्हणजे उन्हाळ्यात दीडला, हिवाळ्यात अडीचला. इंग्लंडवाले वर्षातून दोनदा घड्याळाचे काटे सरकवतात, आणि त्यांच्यासोबत नाशिकमधल्या आम्हा चाळीस जणांची जेवायची वेळही सरकते. तिकडचे लहान दुकानदार, प्लंबर, बेकरीवाले यांचे हिशेब आम्ही इथं बसून लिहितो. त्यांचं करवर्ष पाच एप्रिलला संपतं. पाचच का, ते विचारू नका, त्याची वेगळी भानगड आहे.

तर मागच्या एप्रिलमधली गोष्ट. ब्लॅकबर्नचे एक पडदेवाले गृहस्थ आहेत, वय सत्तरीपुढचं, आवाज खणखणीत. व्हॅटच्या रिटर्नसाठी त्यांची बिलं यायची होती. तीनदा मेल केला, शेवटी फोन लावला. ते म्हणाले, माफ कर गं बाई, स्कॅनर गेले तीन दिवस ‘डूलॅली’ झालाय.

मला वाटलं मीच चुकीचं ऐकलं. सोळा वर्षं मी हे लँकशायरचं इंग्रजी ऐकतेय, निम्मं अंदाजानंच समजतं. पण हा शब्द अंदाजानं समजण्यातला नव्हता, तो माझ्या घरचाच होता. मी विचारलं, काय झालाय? ते म्हणाले, डूलॅली. बिघडलाय, वेड लागलंय त्याला. मी म्हटलं, सर, मी डूलॅलीची आहे.

पलीकडे शांतता. मग सावधपणे, एखाद्या पेशंटशी बोलावं तसं, ‘तू बरी आहेस ना?’

बरी आहे. माझा जन्म देवळाली कॅम्पचा. बारावीपर्यंत तिथंच वाढले. आता नाशिकरोडला राहते, पण आईचं घर अजून तिथंच आहे. आणि हो, इंग्लंडमध्ये डोकं ठिकाणावर नसलेल्या माणसाला, आणि स्कॅनरला, आमच्या गावाचं नाव देतात. हे मला आधी माहीत नव्हतं असं नाही. कॉलेजात इंग्रजीच्या सरांनी एकदा ओझरतं सांगितलं होतं, वर्ग हसला होता, मीही हसले होते. पण एका जिवंत माणसाच्या तोंडून, कामाच्या गडबडीत, सहज आलेला तो शब्द ऐकणं वेगळं. लांबच्या शहरात अनोळखी घराच्या भिंतीवर आपल्या आजोबांचा फोटो दिसावा, तसं झालं.

नंतरचे दोन-तीन महिने मी रात्री साडेदहाला घरी आल्यावर याच शब्दाच्या मागे होते. नवरा म्हणाला, तुला झालंय ते. असो.

आधी भूगोल स्पष्ट करते, कारण यात नाशिकबाहेरचे लोक कायम घोळ घालतात. देवळाली गाव वेगळं, ते नाशिकरोडला चिकटून. देवळाली कॅम्प वेगळा, पुढं काही किलोमीटरवर, भगूरच्या अलीकडे. आणि देवळाली प्रवरा आणखी वेगळी, ती राहुरी तालुक्यात, तिचा आमच्याशी संबंध नाही. माझी कहाणी कॅम्पची. रुंद सरळ रस्ते, जुने बंगले, पारशी आणि गुजराती मंडळींची सॅनेटोरियमं, खंडोबाची टेकडी, आणि अधूनमधून खिडकीची तावदानं थरथरवणारे तोफांचे आवाज. तोफखान्याचं विद्यालय १९४१ साली काकुलहून (ते आता पाकिस्तानात) इथं आलं ते आजतागायत आहे. आमच्याकडे पाहुणे आले की पहिल्या धडाक्याला उडायचे, आणि आम्ही चहा न सांडता म्हणायचो, काही नाही, फायरिंग चालू आहे.

इंग्रजांनी इथं छावणी टाकली ती १८६० च्या दशकाच्या सुरुवातीला. १८६५ मध्ये रेल्वे थळ घाट चढून इगतपुरीला आली आणि या छावणीचं नशीब ठरलं. मुंबई बंदरापासून एका रात्रीच्या आत पोचता येतं, घाटमाथ्याची हवा, पाणी बरं. हिंदुस्थानात नव्यानं उतरलेले गोरे शिपाई आधी इथं यायचे आणि इथून आपापल्या पलटणीकडे पांगायचे. आणि ज्यांची नोकरीची मुदत संपली ते देशभरातून पुन्हा इथंच जमायचे, मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट बघत.

खरी गोष्ट आहे ती या दुसऱ्या गर्दीची.

जहाजं वर्षभर चालत नसत. सैन्य नेणाऱ्या बोटींचा एक हंगाम असे, साधारण शरद ऋतूपासून मार्चपर्यंत. पावसाळ्यातला अरबी समुद्र आणि उन्हाळ्यातला तांबडा समुद्र, दोन्ही टाळायचे म्हणून. १८६० च्या दशकाच्या अखेरीपासून १८९० च्या दशकापर्यंत पाच मोठ्या बोटी यासाठीच होत्या. सेरापिस, युफ्रेटिस, क्रोकोडाइल, जमना आणि मलबार ही त्यांची नावं. जमना म्हणजे आपली यमुनाच. आता समजा एखाद्याची मुदत नोव्हेंबरात संपली, तर तो सुटला. मार्चच्या शेवटच्या बोटीनंतर संपली, तर मात्र बिचाऱ्याला पुढच्या हंगामाची बोट येईपर्यंत ताटकळणं आलं. अख्खा उन्हाळा आणि वर अख्खा पावसाळा. नाशिकचा पावसाळा काय असतो ते एकदा पत्र्याच्या खाली बसून अनुभवावं.

आणि या मुदत संपलेल्या शिपायांना काम काहीच नसे. हत्यारं काढून घेतलेली, कवायत नावापुरती. कधीतरी सामानाची तपासणी, कधीतरी लांब चालायला नेणार, की झालं. उरलेला दिवस बराकीत. फ्रँक रिचर्ड्स नावाचा एक वेल्श शिपाई, मूळचा कोळशाच्या खाणीतला, विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हिंदुस्थानात आणि ब्रह्मदेशात नोकरी करून गेला. त्यानं १९३६ साली आपल्या इथल्या दिवसांवर पुस्तक लिहिलं, त्यात देवळाली आहे. तो सांगतो ते थोडक्यात असं: वर्षानुवर्षं डागही न लागलेले शिपाई इथं शेवटच्या काही महिन्यांत भलतंसलतं करून बसत, तुरुंगात जात, गुप्तरोग घेऊन इस्पितळात पडत. कारण एकच, कंटाळा. आणि त्यावरूनच, त्याच्या मते, विचित्र वागणाऱ्या माणसाबद्दल ‘याला डूलॅली टॅप झालाय’ असं म्हणायची पद्धत पडली.

डूलॅली टॅप. मी इथं अडखळले, कारण सरांनी नुसतं डूलॅली सांगितलं होतं. हा टॅप कुठून आला?

मराठी वाचकाला हे सांगायची गरज पडू नये. टॅप म्हणजे ताप.

इंग्रजी कोशकार इथं फारसीकडे किंवा हिंदुस्तानीकडे बोट दाखवतात. ते बरोबरच असावं, कारण गोऱ्या शिपायांची जी मोडकी बाजारू बोली होती ती हिंदुस्तानीच होती. शब्द आमचाच असा माझा हट्ट नाही. फारसीत ज्वराला तब म्हणतात, संस्कृतात तप् हा धातू, दोघांचं मूळ एकच. गंमत म्हणजे त्याच मुळाची एक फांदी लॅटिनमार्गे इंग्रजीतही गेली आहे, टेपिड. अर्थ, कोमट. म्हणजे इकडे जो शब्द तापला तो तिकडे जाईपर्यंत निवला.

पण मूळ कुठलंही असो, तो शब्द आज सगळ्यात नीट कुणाला कळतो, तर आपल्याला. मराठीतल्या तापाला थर्मामीटर लागतोच असं नाही. अंगात ताप असतो तसाच डोक्याला ताप असतो. ‘काय ताप आहे’ म्हणताना कपाळाला कुणी हात लावून बघत नाही. नको असलेला पाहुणा ताप, बँकेतली रांग ताप, शेजारच्यांचा नवा म्युझिक सिस्टीम ताप. माणूस तापट असतो, संताप येतो, मनस्ताप होतो, मागाहून पश्चात्ताप. कीर्तनात त्रिविध ताप येतात, ते आणखी वरचे. आई तर आम्हा दोघी बहिणींना एकत्र उद्देशून ‘माझे दोन ताप’ म्हणायची. बोट येत नाही, काम नाही, दारू आहे, पाऊस आहे, आणि डोक्यात काहीतरी सरकत चाललंय, या अवस्थेला देवळालीचा ताप यापेक्षा चपखल नाव मला तरी सुचत नाही. ज्यानं कुणी ते ठेवलं त्याला भाषेचा कान होता. तो शिपाई असेल, नाहीतर त्याच्या बराकीत पाणी भरणारा भिस्ती असेल.

खरा ताप नव्हता असंही नाही. हिवतापानं गोऱ्या पलटणी सगळीकडेच लोळवल्या होत्या आणि हाडं खिळखिळी झालेले शिपाई इथून बोटीवर चढत. त्यामुळे ताप हा शब्द आधी अंगातल्याच तापाचा असेल आणि नंतर डोक्यात गेला असेल. मराठीत तरी तो दोन्हीकडे आधीपासून सुखानं राहतो.

आता उच्चाराचं. देवळालीचं डूलॅली कसं झालं? स्टेशनच्या पाटीवर इंग्रजीत लिहिलं होतं देओलाली. ळ लिहायची सोय इंग्रजी लिपीत नाही आणि तोंडातही नाही. ळ गेला. ‘दे’चा दिला झोका, झाला ‘डू’. मधला लांब ‘ळा’ चपटा होऊन ‘लॅ’. आजोबा सांगायचे की देवळांची आळी म्हणून देवळाली. खरं-खोटं खंडोबाला ठाऊक. पण तसं असेल तर इंग्रजांनी देवळं आणि आळी, दोन्ही एकाच झटक्यात उडवली.

हे शिपाई परत जाताना एकटा हाच शब्द घेऊन गेले नाहीत. विलायतीचं त्यांनी ब्लायटी केलं, म्हणजे मायदेश. खुशीवरून कुशी, म्हणजे आरामाची नोकरी. देखोचं डेको, एक नजर टाकणं. चिठ्ठीचं चिट. पहिल्या महायुद्धात जुन्या हिंदुस्थानी पलटणींतल्या शिपायांनी हे सगळं फ्रान्सच्या खंदकांत नेलं आणि तिथं नव्यानं भरती झालेल्या कारकून-कामगार पोरांच्या तोंडी ते बसलं. ब्लायटीला तर खंदकात आणखी एक अर्थ फुटला: मरणार नाही पण घरी पाठवतील इतपत जखम. पोरं ती मागून घेत. ब्लायटी आणि डूलॅली हे दोन शब्द एकाच बराकीत शेजारी-शेजारी जन्मले असं मला वाटतं. एक म्हणजे जिथं जायचंय ते, आणि दुसरा जिथं अडकलोय तिथं होतं ते.

युद्ध संपल्यावर १९२५ साली लंडनमध्ये सैनिकी आणि नाविक बोलीचा एक कोश निघाला, त्यात डूलॅली टॅप आहे. अर्थ दिलाय डोकं फिरलेला, आणि वर शेरा, जुन्या सैन्यातला. म्हणजे तेव्हाच तो शब्द म्हातारा मानला जात होता.

मग टॅप गळाला. मला सगळ्यात चुटपुट लागली ती याची. घरी बसलेल्या इंग्रज माणसाला टॅप म्हणजे नळ, नाहीतर हलकी टपली. डोक्यात टपली बसलेला म्हणजे येडा, असाही कुणी लावला असेल अर्थ, आणि तो काही अगदीच वाईट नाही. पण ताप म्हणजे काय हे न कळल्यावर ते शेपूट कशाला बाळगायचं? दुसऱ्या महायुद्धापर्यंत नुसतं डूलॅली उरलं आणि ते नामाचं विशेषण झालं. आधी माणसाला डूलॅलीचा ताप ‘यायचा’. येतो म्हणजे जातोही, क्विनीन घ्या, बोट येऊ द्या, उतरेल. आता माणूस डूलॅली ‘असतो’ किंवा ‘होतो’. आजारपण होतं त्याचा स्वभाव झाला. रोग नाहीसा झाला आणि गाव तेवढं राहिलं, वेडेपणाचा शिक्का होऊन.

गावाच्या नावाचं वेड होणं हे आपल्याला नवीन नाही म्हणा. मुंबईकडे कुणी अति करायला लागला की ‘याला ठाण्याला न्या’, पुण्याकडे ‘येरवड्याला’, हिंदीवाल्यांचं आग्रा आणि रांची. खुद्द लंडनच्या बेथलेम इस्पितळावरून इंग्रजांनी बेडलॅम शब्द केला, त्याचा अर्थ आता नुसता गोंधळ. पण या सगळ्या ठिकाणी मनोरुग्णालयं आहेत किंवा होती. नाव पडायला कारण आहे. आमच्या कॅम्पचं नाव मात्र वाट बघण्यावरून पडलं. मला माहीत असलेल्या जगात स्टेशनच्या वेटिंग रूमवरून वेडेपणाला नाव पडलेलं हे एकच उदाहरण.

आमच्या घरी यातलं काही माहीत नव्हतं, पण आजोबांकडे एक गोष्ट होती. ते टांगा हाकायचे. स्टेशन ते कॅम्प, कॅम्प ते लॅम रोड, सीझनला भगूर. १९४६ साली ते विशीतले. लढाई संपून गेलेली, आणि पुन्हा तीच जुनी कथा, बोटी कमी आणि घरी जायला आतुर झालेली हजारो पोरं. त्याच वर्षी जानेवारीत कराचीजवळ ड्रिग रोडला गोऱ्या वैमानिक दलाच्या लोकांनी घरी पाठवत नाहीत म्हणून चक्क संप केला होता, आणि तो पुढे इतर तळांवर पसरला. देवळालीला संप झाल्याचं आजोबांकडून कधी ऐकलं नाही. त्यांच्या लक्षात राहिला तो एकच टॉमी, म्हणजे गोरा शिपाई.

हा टॉमी रोज संध्याकाळी टांगा करायचा. स्टेशनवर न्यायला सांगायचा. उतरायचा नाही. मुंबईकडे जाणारी गाडी आली, थांबली, सुटली की ‘चलो’ म्हणायचा. परत कॅम्प. दोन्ही बाजूंचं भाडं मोजून द्यायचा, कधी घासाघीस नाही. असं किती दिवस? आजोबांचा आकडा दरवेळी बदलायचा, कधी पंधरा दिवस, कधी दोन महिने. इतर टांगेवाले हसायचे, म्हणायचे, तुझं गिऱ्हाईक खुळं आहे. आजोबा म्हणायचे, खुळं कसलं, पैसे वेळेवर देतंय.

मग एका संध्याकाळी तो आला नाही. बोट लागली असणार. आजोबांना भगूरची सवारी मिळाली होती, ते निघाले. आणि मोती, म्हणजे घोडा, चौकात आला तो भगूरच्या रस्त्याला वळेचना. स्टेशनच्या वाटेला लागला. चाबूक उगारला तरी तिकडेच. सवारी ओरडायला लागली. शेवटी आजोबांनी त्याला स्टेशनवर नेलं, गाडी येऊन जाईपर्यंत थांबवलं, आणि मग तो गपगुमान भगूरला निघाला. ‘त्या गोऱ्याचं खूळ घोड्याला लागलं,’ असं म्हणून आजोबा जे हसायचे, त्यांचा तो कवळी हलवणारा हसण्याचा आवाज मला अजून येतो. सवारीनं निम्मंच भाडं दिलं, हेही ते दरवेळी न विसरता सांगायचे.

मला लहानपणी ही घोड्याची गोष्ट वाटायची. आता ती डूलॅली टॅपची केस वाटते, एक नव्हे दोन.

१९४८ च्या फेब्रुवारीत शेवटची गोरी पलटण गेटवे ऑफ इंडियातून बोटीवर चढली आणि देवळालीला बोटीची वाट बघायचं कुणी उरलं नाही. शब्दाचं मात्र तिकडे बरं चाललं होतं. १९७४ ते १९८१ बीबीसीवर एक विनोदी मालिका चालली, ‘इट एन्ट हाफ हॉट मम’. सुरुवातीचे भाग देवळालीतल्या तोफखान्याच्या नाटकमंडळीवर. लिहिणाऱ्यांपैकी जिमी पेरी स्वतः देवळालीच्या तशाच मंडळीत होते, त्यामुळे माल घरचाच. मी तिचे काही तुकडे पाहिले. एका गोऱ्या नटाला रंग फासून हिंदुस्थानी नोकर केलंय, ते बघताना मजा येत नाही. देवळालीही दिसत नाही, इंग्लंडमधल्याच कुठल्या तरी झाडीत पागोटी घालून माणसं फिरतात. पण त्या सात वर्षांत देओलाली हे नाव तिकडच्या दिवाणखान्यांत रोजचं झालं असणार. आमच्या ब्लॅकबर्नच्या गृहस्थांनी मालिका पाहिली होती. गाव खरं असेल असं मात्र त्यांना कधी वाटलं नव्हतं.

आणि अर्थ? तो निवतच गेला, टेपिडसारखा. आज कुणाला डूलॅली म्हटलं तर शिवी होत नाही. विसराळू आजी डूलॅली, भाव डूलॅली, हवा डूलॅली, स्कॅनर डूलॅली. आपल्याकडच्या ‘येडं झालंय’ इतकाच त्यात राग, आणि तितकाच लळा. बराकीत सहा महिने वाया गेलेला, शेवटी दारू पिऊन कुणावर तरी हात टाकून तुरुंगात गेलेला, बोट समोर असून चढू न शकलेला माणूस त्या शब्दातून पार निसटलाय. ते चांगलं झालं की वाईट, मला ठरवता येत नाही. माझ्या मावशीला बरीच वर्षं मानसिक आजार होता. गल्लीतली पोरं तिला काय काय म्हणायची ते मला पाठ आहे, आणि ते शब्द अजिबात निवलेले नाहीत. त्यामुळे एखादा शब्द धार जाऊन स्कॅनरपुरता उरला, तर माझी तक्रार नाही.

गेल्या दिवाळीत पुण्याला भाच्याकडे गेले होते. तो म्हणाला, आत्या, चल, तुला तुझ्या गावाच्या नावाच्या ठिकाणी नेतो. आपल्याकडे २००९ मध्ये पुण्यात ताजी बिअर गाळणारा एक कारखाना सुरू झाला, नाव डूलॅली. पुढे मुंबईतही त्यांची दुकानं निघाली, पाटीवर डूलॅली टॅपरूम. मी बिअर पीत नाही, पण ती पाटी बघून मला इतकं हसू फुटलं की भाचा दचकला. तापाचा टॅप झाला, टॅप गळून पडला, आणि शंभर वर्षांनी तो नळ होऊन परत आला, त्यातून बिअर! कंटाळून दारू प्यायलेल्या त्या शिपायांना ही पाटी बघायला मिळायला हवी होती. मी भाच्याला ताप, टॅप, तप्, टेपिड सगळं समजावलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, आत्या, फ्राइज थंड होतायत.

ब्लॅकबर्नकडे परत येते. त्या दिवशी फोनवर मी त्यांना घोड्याची गोष्ट सांगितली नाही, बिलं राहिली होती. पण त्यांनी विचारलं की खरा उच्चार काय. मी म्हटलं, देवळाली. ते म्हणाले, देवलाली. मी म्हटलं, ल नाही, ळ. जीभ मागं वळवा, टाळूला लावा आणि पुढं सोडा. ते म्हणाले, देवराली. पुन्हा. देवडाली. पलीकडून त्यांच्या बायकोचा आवाज आला, कुणाशी काय करतोयस? ते म्हणाले, अकाउंटंटशी बोलतोय. माझ्या शेजारच्या टेबलवरचा मुलगाही हेडफोन काढून माझ्याकडे बघत होता, कारण मी मोठ्यानं ‘ळ, ळ, ळ’ म्हणत होते.

पाच-सहा प्रयत्नांत एकदा, फक्त एकदा, अगदी स्वच्छ ळ आला. त्यांना कळलं नाही, मला कळलं.

बिलं तिसऱ्या दिवशी आली, मोबाइलवर फोटो काढून, एक आडवा एक उभा, दोन अंगठ्यासकट. सोबत ओळ होती: स्कॅनर अजून आजारी आहे, देवरालीला नमस्कार सांगा. मी आईला फोन करून सांगितला. आई म्हणाली, कोण गं हा? म्हटलं, गिऱ्हाईक आहे. तिनं विचारलं, पैसे वेळेवर देतो ना?